मदत हवी आहे: सासऱ्यांना कागद वाचून दाखवणारे परवडणारे यंत्र कोणते घ्यावे?

दारव्हेकरीण

माझ्या सासऱ्यांना दिसत नाही. त्यांना कागद वाचून दाखवणारे एखादे यंत्र घ्यायचे आहे. मागच्या आठवड्यात एक विक्रेता घरी येऊन गेला. त्याने कॅमेरा बसवलेला चष्मा दाखवला. समोर धरलेला कागद तो चष्मा मोठ्याने वाचतो. किंमत २४ हजार सांगितली आणि सोमवारपर्यंत पैसे भरल्यास तीन हजारांची सूट देतो, असे म्हणाला. तूर विकल्याशिवाय एवढी रक्कम आमच्या हाती येणार नाही, तरीही यजमान उसनवारी करून तो घ्यायचाच म्हणत आहेत. पाच-सहा हजारांत असेच काम करणारे दुसरे काही मिळते का, एवढेच मला विचारायचे आहे. डॉक्टरांकडे न्या, असे कृपया कोणी लिहू नये. ते सगळे करून झाले आहे.

शंकासुर_अमरावती

ताई, एवढ्याशा माहितीवर कोणालाही नेमके सांगता येणार नाही. सासऱ्यांचे वय किती आहे, त्यांना मुळीच दिसत नाही की थोडेफार दिसते, दृष्टी जाण्याआधी ते वाचत होते का, आता त्यांना छापील मजकूर वाचायचा आहे की हाताने लिहिलेला, घरात स्मार्टफोन आहे का आणि त्यांना ऐकू नीट येते का, हे आधी सांगावे.

मुक्तस्रोत

चष्म्याच्या फंदात अजिबात पडू नये. जुना लॅपटॉप दहा-बारा हजारांत मिळतो. त्यावर एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर टाकावे. स्वतः अंध असलेल्या मायकल करन यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियात त्याचे काम सुरू केले आणि ते आजही पूर्णपणे मोफत आहे. याच कामाचे जॉज हे सॉफ्टवेअर विकत घ्यायचे तर सामान्य माणसाचे डोळे पांढरे होतात. एनव्हीडीए पेनड्राइव्हवरूनही चालते आणि त्यात मराठी आवाज आहे. मी गेली कित्येक वर्षे हेच सुचवत आलो आहे.

दारव्हेकरीण

आमच्या मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही. लॅपटॉपचे ते काय करणार? मी कागद वाचण्याबद्दल विचारले आहे. वय ६४ आहे, ऐकू चांगले येते. स्मार्टफोन अर्थातच आहे, दिराने घेऊन दिलेला; पण दिसत नाही म्हणून तो फक्त फोन आला की उचलण्यापुरता वापरतात.

पांढरी_काठी

ताई, मी स्वतः जन्मांध आहे, वर्धा जिल्ह्यात नोकरी करतो आणि हा मजकूर फोनवरच लिहीत आहे. घरात स्मार्टफोन आहे ही गोष्ट तुम्ही पहिल्याच ओळीत लिहायला हवी होती, कारण तुम्हाला हवे असलेले निम्मे यंत्र तोच आहे. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारी टॉकबॅक नावाची सोय मुळातच असते. बहुतेक फोनवर आवाज कमीजास्त करण्याची दोन्ही बटणे एकदम तीन सेकंद दाबून धरली की ती सुरू होते; न झाल्यास सेटिंगमधील सुलभतेच्या विभागात जाऊन सुरू करावी. त्याआधी गुगलचा मराठी आवाज डाउनलोड करून घ्यावा, म्हणजे नंतर शेतात किंवा घरात इंटरनेट नसले तरी तो बोलत राहतो. यासाठी एक रुपयाही लागत नाही. छापील कागदासाठी गुगल लेन्स हे कॅमेऱ्यातून मजकूर ओळखणारे ॲप वापरून बघावे. त्याला इंटरनेट लागते, पण देवनागरी छपाई ते बऱ्यापैकी ओळखते.

चष्मा वाईटच असतो, असे मी म्हणत नाही. मात्र विक्रेता स्वतःबरोबर आणलेला कागद वाचून दाखवतो, तो गुळगुळीत आणि ठळक अक्षरांचा असतो. त्याला पुन्हा बोलवा आणि तुमच्या घरातले कागद द्या: विजेचे बिल, वर्तमानपत्राचे आतले पान, पासबुक. ते सुद्धा फोनचे इंटरनेट बंद करून.

वऱ्हाडी_ठेचा

वाचनाचे नंतर बघता येईल, आधी माणूस सुरक्षित चालला पाहिजे. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली आणि २०१४ साली बाजारात आलेली स्मार्टकेन घ्यावी. साध्या पांढऱ्या काठीच्या मुठीवर ती बसते, गुडघ्याच्या वरचे अडथळे ध्वनिलहरींनी तीन मीटरपर्यंत ओळखते आणि हाताला कंपन देते. आमच्या मोठ्या वडिलांचे कपाळ रस्त्यात उभ्या केलेल्या ट्रॉलीच्या फाळक्यावर आपटले होते. साध्या काठीला ट्रॉलीची चाके लागतात, बाहेर आलेला फाळका लागत नाही. स्मार्टकेन घेतल्यापासून तसे झालेले नाही.

शंकासुर_अमरावती

ठेचाभाऊ, ताईंनी काठी विचारलेली नाही.

वऱ्हाडी_ठेचा

विचारली नाही म्हणून सांगू नये, असा नियम आहे का? ज्याला कागद दिसत नाही त्याला ट्रॉली दिसते, असे तुमचे म्हणणे आहे काय?

दारव्हेकरीण

मामाजी गावात एकटे फिरतात, मंदिरापर्यंत जातात आणि येतात. चालण्याची अडचण फक्त संध्याकाळनंतर आहे. काचबिंदूमुळे उजवा डोळा पूर्ण गेला आहे आणि डाव्या डोळ्याला समोरचे एवढेसे दिसते, आजूबाजूचे काहीच नाही.

दुसरे म्हणजे टॉकबॅक सुरू केला आणि आता फोनच चालत नाही. काहीही दाबले तरी तो फक्त बोलतो, उघडत काहीच नाही. पडदा वर सरकत नाही, आलेला फोनही उचलता येत नाही. मामाजी वैतागले आहेत आणि यजमान म्हणत आहेत की फोन बिघडवून ठेवला. मी यजमानांच्या फोनवरून लिहीत आहे. हे बंद कसे करायचे ते आधी सांगा!

पांढरी_काठी

फोन बिघडलेला नाही. टॉकबॅक सुरू असताना एकदा स्पर्श केल्यावर फोन त्या जागेचे नाव सांगतो. उघडण्यासाठी लगोलग दोनदा टकटक करायची असते. एका बोटाने उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, डावीकडे दिला की मागची. पडदा सरकवायचा असेल तर दोन बोटे एकत्र टेकवून सरकवावीत. बंद करण्यासाठी तीच दोन बटणे पुन्हा तीन सेकंद दाबावीत.

आणखी एक गोष्ट आहे. ज्यांनी आयुष्यभर कुदळ-फावडे हाताळले आहे, त्यांच्या बोटांची टोके कोरडी आणि कडक झालेली असतात आणि पडद्याला असा स्पर्श नेहमी कळत नाही. बोट किंचित ओलसर करून बघावे किंवा अंगठ्याशेजारच्या बोटाऐवजी करंगळी वापरावी. मी ज्यांना शिकवले त्यांतले बरेच जण फोन सोडून देतात ते इथेच, आणि दोष आपल्या डोक्याला लावतात. पहिल्या दिवशी फोन उचलणे आणि ठेवणे एवढेच शिकवा.

नेत्रचिकित्सा_निवृत्त

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होतो. धाग्याच्या पहिल्या वाक्यात ‘दिसत नाही’ असे होते, आता ‘समोरचे एवढेसे दिसते’ असे कळले. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. काचबिंदूत दृष्टी कडेने आत आक्रसत येते आणि रुग्ण जणू नळीतून बघतो. अशा माणसाला मोठे भिंग दिल्यास उलटे होते: अक्षर मोठे झाले की त्या नळीत एकच अक्षर मावते आणि ओळ हरवते. त्यांना मध्यम आकाराचे अक्षर, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर आणि मागून खांद्यावरून येणारा चांगला उजेड यांचा अधिक उपयोग होतो. फोनमध्ये रंग उलटे करण्याची सोय असते, ती सुरू करावी. वाचताना ओळीखाली काळी पट्टी धरावी. जाड पुठ्ठ्याची चालते.

डॉक्टरांबद्दल लिहू नये असे तुम्ही म्हटले असले तरी दोन वाक्ये लिहितोच. गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून थेंब थांबवले असतील तर राहिलेली दृष्टीही जाईल. आणि काचबिंदू रक्ताच्या नात्यात आढळतो. तुमच्या यजमानांनी व दिरांनी डोळ्यांचा दाब व आतली नस तपासून घ्यावी, कारण सुरुवातीला काहीही दुखत नाही आणि काहीही जाणवत नाही.

मुक्तस्रोत

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर ही सोय संगणकावर कितीतरी चांगली मिळते.

दारव्हेकरीण

थेंब दिवाळीपासून बंद आहेत. संपले आणि आणायचे राहिले. उपयोग होत नाही, असेच सगळ्यांना वाटत होते.

नेत्रचिकित्सा_निवृत्त

उद्याच आणावेत आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना दाखवून घ्यावे. चष्म्याची सोमवारची मुदत त्यानंतर.

खामगावकर

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल कोणीच विचारलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे फक्त अक्षरांचा तक्ता वाचता येतो की नाही, एवढेच बघत नाहीत. बऱ्या डोळ्याचे दृष्टिक्षेत्र (नजर न हलवता दिसणारा भाग) १० अंशांपेक्षा कमी असल्यास ती व्यक्ती अंध धरली जाते आणि ४० अंशांच्या आत असल्यास अल्पदृष्टी. त्यामुळे समोरची अक्षरे वाचणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळू शकते. तपासणीला जाताना दृष्टिक्षेत्राचा आलेख असलेला जुना कागद बरोबर न्यावा, नाहीतर पुन्हा खेप पडते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास केंद्राच्या एडिप योजनेतून साधने पूर्णपणे मोफत मिळतात. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी त्यासाठी शिबिरे घेते आणि स्मार्टकेनसुद्धा त्यात असते. याशिवाय ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते; त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी विचारल्यास निधी नेहमीच संपलेला असतो.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे काठी फुकट मिळते. मी विकत घेतली.

विदर्भकन्या

अचलपूरजवळच्या वज्झर येथे अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकरांच्या मानसकन्या माला पापळकर या दृष्टिहीन असूनही एमपीएससी उत्तीर्ण झाल्या. सासऱ्यांना त्यांच्याबद्दल नक्की सांगावे.

पांढरी_काठी

मालाताईंचा मलाही अभिमान आहे. पण ६४ वर्षांच्या शेतकऱ्याला परीक्षा द्यायची नाही, त्याला स्वतःचे कागद वाचायचे आहेत. कोणते कागद, ते मात्र ताईंनी अजूनही सांगितलेले नाही.

दारव्हेकरीण

विक्रेता आज आला होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे घरातले कागद दिले. वर्तमानपत्राचे मथळे त्याने नीट वाचले, पण खालच्या मजकुरात एका रकान्याची ओळ शेजारच्या रकान्याला जोडली, त्यामुळे कापसाच्या बातमीत मध्येच एका लग्नाची बातमी आली. इंटरनेट बंद केल्यावर चष्मा गप्पच बसला. विक्रेत्याने आमच्या नेटवर्कला दोष दिला. चष्मा घेतलेला नाही आणि यजमान त्याबद्दल आता काही बोलत नाहीत.

कोणते कागद, तर मुख्य म्हणजे व्यापाऱ्याने दिलेली कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद. वजन, कट्टी (वजनातली कपात), हमाली आणि हाती आलेली रक्कम मामाजींना स्वतः ताडून बघायची असते. दुसऱ्याने वाचलेले त्यांना पटत नाही, आणि यंदा त्यावरूनच घरात वाद झाला. ती पट्टी पेनाने लिहिलेली असते. चष्म्याने ती वाचलीच नाही. बाजारात नोटा ओळखण्याचीही पंचाईत होते.

पांढरी_काठी

नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचे मनी नावाचे मोफत ॲप आहे, १ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेले. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते बोलून सांगते, घडी घातलेलीही ओळखते आणि इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी, ते मात्र सांगत नाही.

हाताने घाईत लिहिलेली मराठी पट्टी भरवशाने वाचेल असे यंत्र मी तरी अजून वापरलेले नाही. इथे यंत्रापेक्षा व्यापाऱ्याला गाठणे सोपे आहे. वजन, भाव, कपात आणि रक्कम एवढे चार आकडे पट्टी करतानाच संदेशाने पाठवायला सांगा. टॉकबॅक तो संदेश मामाजींना हवा तितक्या वेळा वाचून दाखवील आणि तो पुसला जाणार नाही. व्यापारी टाळाटाळ करू लागला, तर मामाजींचा संशय अगदीच निराधार नसावा, हे माझे वैयक्तिक मत.

दारव्हेकरीण

फोन उचलणे आणि ठेवणे मामाजींना जमले. थेंब आणले आहेत आणि यजमान गुरुवारी तपासणीला येणार आहेत. एक विचारायचे राहिले. बँकेचा संदेश आला की टॉकबॅक रक्कम एवढ्या मोठ्याने सांगतो की ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना कळते.

पांढरी_काठी

वायरचा इअरफोन एकाच कानात घालायला द्यावा. दुसरा कान रस्त्यासाठी आणि माणसांसाठी मोकळा राहिला पाहिजे. शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. कोणी पडद्यात डोकावत असेल, तर टॉकबॅकच्या मेनूत पडदा लपवण्याची सोय बहुतेक नव्या फोनवर आहे. पडदा काळा होतो आणि फोन नेहमीसारखा चालतो.