भागाकार कुठे थांबवायचा, हे दातेरी चाकांच्या यंत्राला कसे कळत असे?

प्रश्न:
ओडनर धाटणीच्या, हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर भागाकार कसा करतात हे मला ठाऊक आहे. भाजक भाज्याच्या डावीकडच्या अंकांखाली आणायचा, घंटा वाजेपर्यंत दांडा उलटा फिरवत राहायचे, घंटा वाजली की एक सुलट फेरी देऊन जास्तीची वजाबाकी भरून काढायची आणि भाजक एक घर उजवीकडे सरकवायचा. येथे घंटा ऐकून पुढचे ठरवणारा माणूस असतो. परंतु विजेवर चालणाऱ्या फ्रीडनसारख्या यंत्रांत एकच कळ दाबली की संपूर्ण भागाकार आपोआप होत असे. उरलेली संख्या भाजकापेक्षा लहान झाली आहे, हे त्या यंत्राला कसे समजत असे? दोन संख्यांची तुलना करणारा वेगळा भाग त्यात असे का?

प्रतिसाद १:
अशा बहुतेक यंत्रांना तुलना करावीच लागत नाही. यंत्र प्रत्येक घरात एक वजाबाकी जास्त करते आणि तिचा परिणाम हाच त्याचा इशारा असतो. ८६४ भागिले ३६ घ्या. पहिल्या घरात भाजकाचे मोल ३६० असते. ८६४ मधून ते वजा होत ५०४ आणि मग १४४ उरतात. तिसऱ्या फेरीला १४४ मधून ३६० जात नाहीत, त्यामुळे हातचा एकेका घरातून डावीकडे मागितला जातो आणि आठ घरांच्या खिडकीत ९९९९९७८४ दिसू लागते. देणारे कोणीच नसल्याने हातच्याची मागणी अगदी डावीकडच्या टोकाबाहेर जाते. तिथली तरफ ढळली की चाकांची दिशा उलटते, ३६० एकदा मिळवले जाऊन पुन्हा १४४ येतात, फेऱ्या मोजणारा आकडा ३ वरून २ वर येतो आणि कॅरेज, म्हणजे आकड्यांच्या खिडक्या असलेला सरकता भाग, एक घर सरकते. मग ३६ चार वेळा जाऊन शून्य उरते. मात्र शून्य उरले हेही यंत्राला कळत नसल्यामुळे ते पाचवी वजाबाकी करते, ती परत भरते आणि उत्तर २४ देते.

घंटेला जोडलेली खूणच येथे दिशा बदलणाऱ्या यंत्रणेला जोडलेली असते. माझ्या मते या शोधाचे सारे सौंदर्य त्यात आहे. असा पूर्ण स्वयंचलित भागाकार करणारे पहिले यंत्र म्हणून झुरिकच्या एग्ली कंपनीच्या माडासचे नाव घेतले जाते. ते १९१३ सालचे.

प्रतिसाद २:
वरील उत्तरात वेळेच्या नेमकेपणाची भर घालावीशी वाटते, कारण खरी कसोटी तिथे आहे. हातचा सगळ्या घरांत एकाच क्षणी पोहोचत नाही. उजवीकडच्या घराचा हातचा पुरा झाल्यानंतरच डावीकडच्या घराला आपला हातचा द्यायचा की नाही हे ठरते, म्हणून हातचा देणारे दाते अक्षावर एकामागून एक, थोडे थोडे मागे सरकवून बसवलेले असतात. परिणामी टोकाच्या घराची खबर फेरी जवळजवळ संपताना मिळते आणि पुढची फेरी सुरू होण्यापूर्वी दिशा बदललेली असावी लागते. तरफ क्षणभर उशिरा ढळली, तर आणखी एक वजाबाकी होऊन उत्तर चुकेल.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. प्रत्येक घरात जास्तीची वजाबाकी आणि ती भरून काढणे, या दोन फेऱ्या वाया जात नाहीत का? आणि भाजक शून्य असेल तर काय होते?

प्रतिसाद ३:
भरून काढण्याची फेरी वाचवता येते. वरच्याच उदाहरणात ९९९९९७८४ आल्यावर ३६० परत न मिळवता तसेच पुढच्या घरात जायचे आणि तिथे ३६ मिळवत राहायचे. सहाव्या बेरजेला सगळे नऊ उलटून शून्य होतात आणि हातचा टोकाबाहेर पडतो. फेऱ्यांचा हिशेब ३० वजा ६, म्हणजे तोच २४. दहाऐवजी नऊ फेऱ्यांत काम होते, पण त्यासाठी फेऱ्या मोजणारी चाके आलटून पालटून दोन्ही दिशांना चालावी लागतात.

भाजक शून्य असल्यास खिडकीतली संख्या कमीच होत नाही, हातचा कधीच मागितला जात नाही आणि थांबण्याची खूण कधीच उमटत नाही. यंत्र नुसते फिरत राहते, म्हणूनच भागाकार मध्येच तोडण्यासाठी या यंत्रांवर स्वतंत्र कळ दिलेली असे.