आंबा नसतानाची रत्नागिरी : थंडीतल्या दोन दिवसांचे अनुभव

डिसेंबरात रत्नागिरीला चाललोय म्हटलं की ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो, "आत्ता? आत्ता कुठे आंबे?" जसं काही रत्नागिरी हे गाव नसून पेटी आहे, एप्रिलात उघडायची आणि जूनमध्ये मिटायची. आम्ही दोघं गेली पाच-सहा वर्षं थंडीतला एक शनिवार-रविवार तिथे काढतो. गेल्या खेपेचं मी सांगतो, मग तुम्ही सगळे खाली प्रतिसादांत आपापलं सांगा. अट एकच: 'गणपतीपुळ्याला जाता जाता वाटेत पाहिली' हे चालणार नाही. मुक्काम हवा.

रेल्वेनेच जातो. महामार्गाच्या कामाचा विषय काढत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की आमच्यासाठी सहल सुरू. आत शिरल्यावर डब्यातली मंडळी थोडा वेळ मोठ्याने बोलतात, मग रेंज गेली म्हणून गप्प होतात, आणि पलीकडे उजेड आला की एकदम सगळे बॅगा काढायला उठतात. तिकिटाचं मात्र बघा. पूर्वी 120 दिवस आधी आरक्षण मिळायचं, आता 60 दिवस आधी. सुटीला जोडून आलेला शनिवार असेल तर आरक्षण उघडेल त्या सकाळी चहा नंतर प्या.

स्टेशन गावापासून बरंच लांब, कुवारबावला. रिक्षा करून खोलीवर, जेवण, झोप. हो, झोप. मग पाचला मांडवी. काळी वाळू, समोर खाडीचं तोंड, भेळेच्या गाड्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. मी दरवेळी बघतो, तो बुडाला की बाहेरगावची माणसं फोन खिशात घालून उठतात आणि तेव्हाच गावातली यायला लागतात. बँकेतून सुटलेले, क्लासमधून आलेल्या पोरी, कानटोपी घातलेले आजोबा. थंडी फारशी नसते, पण कानटोपी पाहिजेच. अंधार पडेपर्यंत आम्ही त्यांच्यात बसून होतो. दुसऱ्या दिवशीचा बेतही जवळपास हाच होता.

*

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यामुळे गुडघ्यांच्या मर्जीने सगळं. किल्ला बाद, पायऱ्या बाद. थिबा राजवाडा मात्र त्यांना बघायचाच होता, कारण शाळेत असताना त्यांनी तो धडा पाठ केला होता म्हणे.

जांभ्या दगडाचा, लाकडी अर्धगोल खिडक्यांचा तो वाडा सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. मला तिथे गेल्यावर आकडे जुळवून कसंतरी झालं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. वाडा तयार झाला 1910 मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत, आणि स्वतःच्या म्हणाव्या अशा घरात जेमतेम सहा, कारण 1916 च्या डिसेंबरात तो वारला. राणीला परत जायला मिळालं 1919 मध्ये. त्याला नाही. थडगं इथेच आहे.

सासूबाई मागच्या बाजूच्या ओट्यावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आणि आपण म्हणतो सरकारी क्वार्टर मिळायला उशीर होतो." मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. सासरे पाटबंधारे खात्यात होते, सतरा बदल्या. मग अर्धा तास त्यांच्या सगळ्या क्वार्टरांच्या गोष्टी निघाल्या, कुठे न्हाणीला दार नव्हतं, कुठे छतातून विंचू पडायचे. पंधरा वर्षांच्या संसारात मी यातलं काहीही ऐकलं नव्हतं. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते ती बघायची राहूनच गेली.

टिळकांचं जन्मघर (टिळक आळीत, कौलारू) आणि पतितपावन मंदिर दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मंदिर 1931 चं, सर्व जातींना खुलं म्हणून सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने उभं राहिलेलं. तिथे पायऱ्या किती हे न विचारता त्या सरळ आत गेल्या.

*

मी मूळचा इथलाच, शिक्षक म्हणून निवृत्त झालो. तुम्ही सगळे समुद्र बघायला येता आणि भरती-ओहोटी न बघता येता, म्हणून हे लिहितो.

फोनवर तक्ते मिळतात, पण आमच्याकडे तोंडी हिशेब आहे. ज्या दिवशी जी तिथी असेल तिला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. दुपारी पावणेचारला आणि पहाटेही त्याच सुमाराला. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण चप्पल कुठे ठेवायची एवढं कळतं.

आता यातून सहलीचं गणित काढा. अष्टमीच्या शनिवारी आलात तर भरती संध्याकाळी सहाला. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर, चालायला वाळू कमी. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास आलात तर भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर आणि संध्याकाळी ओहोटी. भाट्याचा किनारा तेव्हा बघावा. ओली वाळू चांगली लांबवर उघडी, तिच्यात आकाश उतरलेलं. पौर्णिमा असेल तर सूर्य बुडतानाच मागे चंद्र. फक्त ओहोटीला पाण्यात शिरू नका, आणि आरे-वारेला तर कधीच नाही. वरच्या वळणावरून तो किनारा कितीही भुलवो, तिथे पाणी माणसाला ओढतं.

आणि गाड्या वाळूत घालू नका हो. दर थंडीत एखादी मोठी गाडी रुतते, मालक फोनवर, पाणी चाकापर्यंत, आणि ढकलायला आम्ही.

दुसरं, वारा. थंडीत रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, म्हणून पहाटे समुद्र तळ्यासारखा निवांत असतो. दुपार कलली की खारा वारा सुटतो. पक्षी बघायचे, फोटो काढायचे, नुसतं बसायचं, जे काय असेल ते सकाळी नऊच्या आत उरका. कुरव पक्षी थंडीतच येतात, वाळूवर सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसतात.

आंब्याचं म्हणाल तर 'आंबे नाहीत' हे अर्धंच खरं. डिसेंबर-जानेवारीत कलमांना मोहोर असतो. रात्री थंडी चांगली पडली तर मोहोर चांगला, ढग आले की तुडतुड्याची कीड आणि बागायतदाराचं तोंड पडलेलं. मोहोरापासून फळ हाताशी यायला चार महिने. तुम्ही एप्रिलात जे खाता त्याचा वास आम्ही आत्ता घेतोय. कलमांच्या बाजूने जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याला सकाळी गाडीच्या काचा खाली करा, बाकी सांगायला नको.

*

सर, हिशेब वहीत उतरवून घेतला.

माझा अनुभव दुचाकीचा आणि एकट्याचा. कोल्हापूरहून आंबा घाटाने. पहाटे पाचला निघालो ही चूक. घाटमाथ्यावर बोटं क्लचवरच गोठली, साखरप्याला पोहोचून टपरीवर काचेचा ग्लास दोन्ही हातांत धरून नुसता उभा होतो, चहा प्यायला दहा मिनिटांनी सुरुवात केली. खाली उतरलो की तासाभरात जॅकेट काढावं लागतं. एकाच सकाळी दोन ऋतू.

मला समुद्रापेक्षा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, बघायचा होता. उक्षीचं कातळशिल्प: जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेला हत्ती, भोवती बांधलेला कठडा. कोकणातली ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती बघायला थंडीच बरी. पावसाळ्यात सड्यावर गवत आणि पाणी, उन्हाळ्यात कातळ तव्यासारखा.

पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि मला काहीही दिसेना. खरंच. दगडावर ओरखडे. दहा मिनिटं फिरलो, हत्ती कुठे ते कळेना, वाटलं पत्ता चुकला. तिथून जाणारा एक गुराखी काका म्हणाला, "आता नाय दिसायचा. उन्हं कलूदे." कडेला बसलो, भाकरी खाल्ली. चारनंतर उन्हं तिरकी झाली आणि कोरलेल्या रेघांत सावली भरायला लागली. आधी पाठीची कमान. मग सोंड. मग एकदम सगळा हत्ती, आणि तो इतका वेळ माझ्या समोरच होता. काका तोवर निघून गेला होता, नाहीतर पाया पडलो असतो.

*

आमचा अनुभव थोडक्यात, कारण आठवला की रक्तदाब वाढतो. 30 आणि 31 डिसेंबर. एका लॉजवर खोली आगाऊ पैसे भरून ठेवली होती. गेलो तर खोली दुसऱ्याला दिलेली. "मॅनेजर गावी गेलेत." गावी? आम्ही कुठे आलोय मग? शेवटी नवऱ्याच्या मित्राच्या मावशीकडे, हॉलमध्ये गाद्या टाकून आम्ही पाच जण. मावशींनी रात्री दहाला कुळथाचं पिठलं आणि भात केला, वर 'काही केलंच नाही' म्हणून हळहळल्या. मुलं अजून त्या पिठल्याचं नाव काढतात. आता नाताळ ते एक तारीख सोडून कधीही जातो. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम, थंडी तीच आणि गाव मोकळं.

*

मासे खाणाऱ्यांपैकी अजून कुणीच कसं लिहिलं नाही? मिरकरवाडा बंदर बघा. बोटी कधी लागणार हे खोलीवाल्याला विचारून जा, नाहीतर नुसता वास मिळेल. लिलाव इतका झटपट होतो की मला तीनदा बघूनही कळलं नाही कोणी कधी होकार दिला. मी कौतुकाने एका टपातल्या बांगड्याला हात लावला तर मावशी म्हणाल्या, "दादा, घेणार असलास तर हात लाव." घेतले. खोलीवर चूल नाही हे नंतर आठवलं. खानावळीत नेऊन दिले, त्यांनी भाजून दिले, वर सोलकढी.

ज्यांना मासे चालत नाहीत त्यांनी भाट्याच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली बघावं. बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत असतात. डोळ्यांनी नाही, पायांनी. तळव्याला कठीण लागलं की वाकायचं, हातात आलेलं टोपलीत. त्यात एकीकडे गप्पा चालू. मी पुलावर चाळीस मिनिटं उभा होतो, एकदाही कुणी पाण्यात बघितलं नाही.

*

थंडीच्या शेपटाला, फेब्रुवारीत गेलो होतो. पावस करून पुढे पूर्णगडाकडून गावखडीला. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि कार्यकर्ते ती अंडी जपून पिल्लं समुद्रात सोडतात. थंडीत घातलेली अंडी दीड-दोन महिन्यांनी फुटतात. पण कासवाच्या पिल्लाला तुमचा शनिवार-रविवार माहीत नसतो. पहिल्या सकाळी शून्य. दुसऱ्या सकाळी अकरा. दोरीच्या अलीकडे आम्ही वीस-पंचवीस माणसं श्वास धरून, आणि पलीकडे तळहाताएवढीही नसलेली ती पिल्लं. दहा गेली. अकरावं दोनदा लाटेने मागे टाकलं, उलटं पडलं. माझी मुलगी कार्यकर्त्याला म्हणाली, "काका, उचला ना." तो म्हणाला, "थांब." तिसऱ्या लाटेने नेलं. मुलगी परतीच्या वाटेवर त्याच्याशी बोलली नाही, माझ्याशीही नाही.

*

वरचं तिथीचं गणित वाचून यंदा अमावास्येला लागून आलेला शनिवार धरला. साडेपाचला भाट्याला उतरलो. सर, तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा वाळू जास्त होती. आई पंच्याहत्तरीची, ती पाण्याच्या रेषेने चालत सुटली ती मागे वळूनच बघेना, मी मागून "पुरे आता" म्हणत. परत फिरलो तेव्हा अंधार पडला होता, आणि चपला आम्ही सुरूच्या बनात 'त्या झाडाखाली' ठेवल्या होत्या. बनात सगळीच ती झाडं. टॉर्च घेऊन वीस मिनिटं शोधल्या. शेवटी दोघं अनवाणी रिक्षात बसलो. रिक्षावाले दादा आरशातून बघून म्हणाले, "उद्या सकाळी या, तिथेच असतील."

होत्या. आईच्या उजव्या चपलेत एक खेकडा होता, बारका. तो आपणहून निघेपर्यंत तिने चप्पल हातात धरून ठेवली.