मदत हवी आहे : अ‍ॅम्प्लिफायरचा डबा तापतोय, आवाज बंद पडतोय (कोल्हापूर)

गुळाची_ढेप
मंडळी अर्जंट हाय. घरगुती अ‍ॅम्प्लिफायर बनवून विकायचं चाललंय आमचं, उद्यमनगरात पत्र्याचं कॅबिनेट करून घेतलंय, फिनिशिंग एक नंबर. पण जरा मोठ्यानं गाणी लावली की अर्ध्या तासात आवाज गप होतोय, वरचा पत्रा हात ठेवू देईना. थोडा वेळ सोडला की आपोआप परत चालू. आत मोठी हिटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा) हाय, उष्णता नेणारी पेस्ट लावलीय. फॅन नकोय, हॉलमधी घरघर कुणाला चालत नाही. गिऱ्हाईक दसऱ्याच्या आधी नग मागालंय. हिटसिंक केवढी घालू एवढंच सांगा, बाकी सगळं बरोबर हाय.

घाटावरचा
आवाज वाढवणारी चिप, म्हणजे आयसी, कुठला? किती चॅनेल? ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा? स्पीकर ४ ओहम की ८? भोकं कुठं पाडलीत? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

शिरोली_फौंड्री
भावा बाजारातल्या पातळ हिटसिंकच्या नादाला लागू नको. आपल्या गावात एवढ्या फौंड्र्या आहेत, अ‍ॅल्युमिनियमची जाड कास्टिंग (ओतीव) करून घे, साच्याचा पॅटर्न एकदा केला की शंभर नग काढ. वजन असलं की उष्णता खातंय.

घाटावरचा
खातंय, पण सोडणार कुठं? जाड ठोकळा तापायला वेळ लावेल, म्हणजे अर्ध्या तासाऐवजी पाऊण तासानं आवाज जाईल. शिवाय कास्टिंगच्या मिश्रधातूतनं उष्णता बाजारातल्या एक्स्ट्रूजनच्या (दाबून काढलेल्या पट्टीच्या) ६०६३ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी वाहते. फॅन नसेल तर हवेला लागणारं क्षेत्रफळ महत्त्वाचं, आणि दोन पात्यांत ६ ते १० मिलिमीटर तरी फट पाहिजे, दाटीवाटीनं पाती असली की मधली हवा हलतच नाही.

शिरोली_फौंड्री
पुस्तकातलं सांगू नका साहेब, मोटारींच्या बॉडीला पाती असतात ती कास्टिंगचीच असतात की, वर्षानुवर्षं चालतात.

घाटावरचा
चालतात, कारण बहुतेक मोटारींच्या शाफ्टवर पंखा असतो. इथं धागाकर्त्याला पंखाच नकोय.

गुळाची_ढेप
आयसी नेहमीचाच हो, टीडीए७२९४, दोन, स्टीरिओ. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४. भोकं दोन्ही बाजूच्या पत्र्याला हायत, वर पाडली नाहीत, धूळ नि पाणी जातंय म्हणून. आता तरी हिटसिंकचं माप सांगा.

क्लासडी_प्रेमी
तुमचा आयसी एबी क्लासचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, तो सोडा आता. त्याची कार्यक्षमता अगदी आदर्श गणितातसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, गाण्यावर तर खूपच खाली. क्लास डी, म्हणजे झपाट्यानं चालू-बंद होणाऱ्या पद्धतीला ९० च्या आसपास मिळते, टीपीए३११६ या क्लास डी आयसीचा बोर्ड घाला, तळहाताएवढ्या हिटसिंकवर चालतो, विषयच संपला.

गुळाची_ढेप
दादा बोर्ड बनून आलेत, त्यात पैसे अडकलेत. आयसी बदलायचा नाही.

मंगळवार_पेठ
हिटसिंकवरनं आठवलं, आमचा सेट टॉप बॉक्स लै तापतोय, त्याच्यावरच वायफायचा राउटर ठेवलाय, काय होतंय का त्यानं? टीव्हीच्या कपाटात काचेमागं आहे.

घाटावरचा
राउटर बाजूला ठेवा आणि काच उघडी ठेवा. यासाठी वेगळा धागा काढा, प्लीज.

सोल्डरवाले_काका
ए बाळा, दोन्ही आयसीखाली मायका (वीज अडवणारी पातळ चकती) घातलास ना? ७२९४ चा पाठीमागचा पत्रा मायनस सप्लायला जोडलेला असतो, थेट कॅबिनेटला टेकला तर शॉर्ट.

गुळाची_ढेप
व्हय काका, मायका हाय, स्क्रूचे प्लास्टिकचे बूश पण हायत, मीटरनं तपासलंय. स्पीकर ४ ओहमचे.

घाटावरचा
हां, आता जुळलं. आवाज जाऊन आपोआप परत येतो म्हणजे आयसीच्या आतलं संरक्षण चालू होतंय, १४५ डिग्रीला तो म्यूट होतो, म्हणजे स्वतःच आवाज बंद करतो. आता हिशेब बघा, मी मुद्दाम सगळा लिहितो कारण नुसतं माप सांगून तुमचं काम होणार नाही. एबी क्लासमध्ये एका चॅनेलची जास्तीत जास्त उष्णता म्हणजे सप्लाय व्होल्टेजचा वर्ग गुणिले २, आणि त्याला भागिले (३.१४ म्हणजे पाय या संख्येचा वर्ग गुणिले ओहम). २४-०-२४ चे लोडवर प्लस-मायनस ३३ व्होल्ट डीसी धरा, ४ ओहमला झाले ५५ वॅट, एका आयसीत. आतल्या चिपपासून पाठीच्या पत्र्यापर्यंत डेटाशीटप्रमाणे (कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे) दर वॅटमागं जास्तीत जास्त १.५ डिग्रीचा फरक पडतो, मायका नि पेस्टचे अर्धा धरा, झाले २. म्हणजे ५५ वॅटला चिप हिटसिंकपेक्षा ११० डिग्रीनं गरम. १४५ तनं ११० गेले, ३५ उरले. हिटसिंक ३५ डिग्रीच्या वर जाता कामा नये, आणि एप्रिलात आपल्याकडं हवाच ३८ असते. या जोडणीत ढोलाएवढी घाला नाहीतर ढिगाऱ्याएवढी, कुठलीच हिटसिंक पुरणार नाही. गाण्यात सतत एवढा लोड नसतो म्हणून तरी अर्धा तास निघतोय. डेटाशीटमध्येच सप्लाय ८ ओहमला प्लस-मायनस ३५ आणि ४ ओहमला २७ दिलाय, दोन्हीकडं ७० वॅटच; तुमचे ३३ म्हणजे ४ ओहमला जास्त.

गुळाची_ढेप
म्हणजे ट्रान्सफॉर्मर बदलू? मग आवाज कमी होणार की, गिऱ्हाईक बोंबलंल.

घाटावरचा
१८-०-१८ घाला. सप्लाय २४ च्या आसपास येईल, उष्णता ५५ वरनं २९ वॅटवर. आवाज डेटाशीटमधल्या ७० ऐवजी साधारण ५० वॅट, त्या ७० च्या तुलनेत कानाला दीड डेसिबलचा फरक, शेजारी ठेवून ऐकलं तरच कळेल. मग थोडं राखून धरलं तरी हिटसिंक ७५ डिग्रीपर्यंत चालेल, दोन्ही मिळून ५८ वॅट, ३८ च्या हवेत ०.६ डिग्री प्रति वॅटची लागेल. ती पण आत नको. मागच्या बाजूला, बाहेर, पाती उभी ठेवून. काळी अ‍ॅनोडाइज (रासायनिक काळा थर दिलेली) घ्या, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उष्णतेच्या किरणांनी जवळजवळ काहीच सोडत नाही.

फॅनच_बरा
एवढं गणित करण्यापेक्षा ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा फॅन ७ व्होल्टवर चालवा. शपथेवर सांगतो, रात्री पण ऐकू येत नाही. हवा बाहेर ओढणारा लावा.

सोल्डरवाले_काका
आणि दोन वर्षांनी? फॅनमध्ये धूळ, उदबत्तीची काजळी बसते, बेअरिंग वाजायला लागतं, मग दुरुस्तीला माझ्याकडंच येतात सगळे. पोरगं म्हणतंय फॅन नको तर नको.

फॅनच_बरा
धूळ हिटसिंकवर बसत नाही काय?

सोल्डरवाले_काका
बसते, पण बाहेर असली तर ब्रशनं झटकता येते.

गुळाची_ढेप
हिटसिंक मागं बाहेर घेतो, पत्रा परत कापायला टाकतोय. १८-०-१८ ५ अँपिअरचा सांगितलाय. वर भोकं पाडू का नको मग?

घाटावरचा
पाडा. ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) आणि ट्रान्सफॉर्मर आतच तापणार. खाली तळाला आणि वर मागच्या कडेला बारीक स्लॉट, डब्याचे पाय १५ मिलिमीटर उंच. नुसती बाजूची भोकं असली की वरची गरम हवा तिथंच कोंडते.

सोल्डरवाले_काका
आणि फिल्टरचे कपॅसिटर हिटसिंकच्या भिंतीपासून लांब, १०५ डिग्रीचे घे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १० डिग्रीनं थंड राहिला की आयुष्य साधारण दुप्पट होतं. तयार झाला की आधी एक नग झाकण लावून, कपाटात कोंडून दोन तास वाजव, मगच बाकीचे जोड.