होरिया बेर्नेयाची टेकडी: शांतता की पळवाट?

सातबारा कोरा: दोन दिवस होरिया बेर्नेया या रोमानियन चित्रकाराची 'टेकडी' मालिका बघतोय. 1970 च्या दशकातली. टेकडी, परत टेकडी, गवत, झाडांचे ठिपके, वर जरासं आभाळ, आणि मी बघितलेल्या चित्रांत तरी माणूस औषधालाही नाही. सगळे म्हणतात किती शांत, पण मला ती शांतताच खटकतेय. 1949 ते 1962 याच देशात शेतकऱ्यांच्या जमिनी काढून सामूहिक शेतीत घातल्या, 80 हजारांवर शेतकऱ्यांवर खटले भरले, आणि हा आकडा विरोधकांचा नाही बरं का, खुद्द तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख गेओर्गिउ-देजनं 1961 ला सांगितलेला (जुन्या सहकाऱ्यांवर खापर फोडायला, ते सोडा). दहाएक वर्षांनी चित्रकार काय काढतो, तर गवत!

हिरवट कुंचला: अहो पण त्याआधी कम्युनिस्ट सरकार चित्रकारांना काय काढायला लावायचं ते बघा ना. 1950 च्या दशकात शेत म्हटलं की ट्रॅक्टर हवा, हसरा शेतकरी हवा, भरघोस पीक हवं. कॉर्नेलिऊ बाबा या चित्रकारानं 1954 ला 'शेतातली विश्रांती' काढलं, त्यात माणसं नुसती थकून टेकलीयत, तेवढंसुद्धा त्या ढिगात वेगळं उठून दिसतं. बेर्नेयाकडे ना ट्रॅक्टर ना हसू. सगळे घोषणा देत असताना गप्प बसायलाही जिगर लागते.

सातबारा कोरा: 1952 ला लागली असती जिगर. 1965 ला बुखारेस्टमध्ये त्सुकुलेस्कु या अमूर्ताकडे झुकलेल्या चित्रकाराचं मरणोत्तर मोठं प्रदर्शन झालं, म्हणजे तोवर सरकारची शैलीवरची पकड सैल झाली होती. नंतर टेकडी काढायला कोण अडवत होतं? नंतरचा हुकूमशहा चाउशेस्कू, त्याला तर मातीतला अस्सल रोमानियन वगैरे आवडायचंच.

हिरवट कुंचला: भाषणात आवडायचं हो! 1988 ला हाच माणूस तेरा हजारांतली निम्म्याहून जास्त खेडी नकाशावरून पुसायला निघाला होता.

माई: तुम्ही दोघं तारखाच मोजताय. होरियाचे वडील एर्नेस्ट बेर्नेया हे खेड्यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ, कम्युनिस्टांनी त्यांना तुरुंगात टाकलेलं. आता ज्याच्या घरात हे झालंय तो खेड्याकडे बघणार तेव्हा त्याला काहीच आठवत नसेल का? आणि याच सुमाराला तो मिरवणुकीतली चर्चची निशाणंही रंगवत होता, देव न मानणाऱ्या राजवटीत. मला त्या टेकड्या देवळासारख्या वाटतात, आत माणूस नसला तरी देऊळ रिकामं नसतं.

वायफळ: माई, वडिलांचं अर्धंच सांगितलंत. 1930 च्या दशकात ते आयर्न गार्डवाल्यांत होते, म्हणजे थेट फॅसिस्ट चळवळ. बापाचं पाप पोराच्या माथी मारत नाहीये, पण 'जुनं, शांत, शुद्ध खेडं' ही कल्पना पण काही दुधानं धुतलेली नाही एवढंच म्हणणं आहे. बाकी चित्रं भारी आहेत, तो हिरवा तर असा की दमट वास येतो.

माई: हे मान्य. लिहायला हवं होतं.

हिरवट कुंचला: एक राहिलं. 1990 नंतर बेर्नेया बुखारेस्टच्या रोमानियन शेतकरी संग्रहालयाचा प्रमुख झाला. इमारत तीच जिथं आधी पक्षाच्या इतिहासाचं म्युझियम होतं. त्याच्याच काळात तिथल्या तळघरात सामूहिकीकरणावर एक दालन झालं, नाव काय तर 'प्लेग'. घ्या, बोलला ना!

सातबारा कोरा: बोलला, पण नव्वदनंतर, आणि तेही म्युझियमच्या तळघरात, कॅनव्हासवर नाही. मी तेच म्हणतोय हो सकाळपासून.

हिरवट कुंचला: मग टेकडीखाली काय दडलंय हे त्याला माहीत होतं एवढं तरी कबूल करा की राव.

सातबारा कोरा: माहीत होतं हे कबूल. म्हणून तर जास्त राग येतो.