डॉक्टर हू: लपलेला खलनायक आधीच ओळखता येतो का? भरपूर स्पॉयलर

निळीपेटी
‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेच्या २०२५ च्या मोसमात शेजारची गूढ म्हातारी मिसेस फ्लड म्हणजे जुनी खलनायिका राणी निघाली आणि ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’वाल्यांचं पेव फुटलं. पण २०१४ मध्ये मिसी या गूढ बाईलाही बरेच जण राणीच म्हणत होते, आणि ती निघाली मास्टर, शरीर बदलत राहणारा डॉक्टरचा जुना वैरी! आता २००५ पासून सगळं क्रमाने पुन्हा बघायचं आहे. खरा दुवा कोणता आणि आपल्याला चकवायला टाकलेलं आमिष कोणतं, हे कसं ओळखायचं? नावांतल्या अक्षरांच्या कोड्यांवर किती विसंबायचं?

चार_ठोके
अक्षरांवर सगळ्यात कमी. २००७ मध्ये मास्टर ‘मिस्टर सॅक्सन’ या नावाने वावरला; त्याची इंग्रजी अक्षरं फिरवली की ‘मास्टर नो सिक्स’, म्हणजे मास्टर क्रमांक सहा, होतं, अकराच्या अकरा. आता मास्टर झालेले नट मोजा: डेलगाडो, प्रॅट, बीव्हर्स, एनली, रॉबर्ट्स, जेकबी, सिम. जॉन सिम सातवा येतो. त्याला सहावा करायचा तर प्रॅट आणि बीव्हर्स यांना एकच धरायचं, कारण दोघांनी एकाच सडलेल्या देहाची भूमिका केली. तर्क बसावा म्हणून मोजणी वाकवायला लागली की शंका घ्यावी.

खरा दुवा होता घड्याळाचा. २६ मे २००७ च्या ‘ह्यूमन नेचर’मध्ये डॉक्टर आपलं टाइम लॉर्डपण (त्याची परग्रहवासी जात) खिशातल्या घड्याळात ठेवतो आणि साधा शाळामास्तर होऊन बसतो. बरोबर तीन आठवड्यांनी, ‘यूटोपिया’त, पुढे मास्टर निघणाऱ्या प्रोफेसर यानाच्या हातात तसंच घड्याळ, तीच वर्तुळांची नक्षी. तो म्हणतो, बिघडलंय. डॉक्टरची सोबतीण मार्था विचारते, कधी उघडलंच नाही तर बिघडलंय हे कळलं कसं? तो गडबडतो. हा प्रसंग दोनदा बघा. यंत्र कसं चालतं ते मालिकेने आधी उघड दाखवलं आणि मग दुसऱ्याच्या खिशात टाकलं.

यानाच्या नावात ‘यू आर नॉट अलोन’ची आद्याक्षरं आहेत, ती १४ एप्रिलच्या ‘ग्रिडलॉक’मधून आलेली. पण ‘तू एकटा नाहीस’ असं मराठी केलं की चावीच हरवते. म्हणून संवाद इंग्रजीतूनच ऐका.

सुएझचा_उंट
बाकी सहमत, पण अक्षरं अगदीच टाकाऊ नाहीत. २०२४ मध्ये सूझन ट्रायड या पात्राच्या ‘एस ट्रायड’ कंपनीची अक्षरं फिरवून ‘टार्डिस’, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाचं नाव, येतं, ते आमिष होतं. सूझन म्हणजे डॉक्टरची नात, अशी सगळ्यांनी गाठ मारली. उत्तर दडलं होतं उच्चारात: ‘सू टेक’, म्हणजे सुतेख हा जुना खलनायक. १९७५ च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मधला, आणि आवाजही तेव्हाचाच, गॅब्रिएल वूल्फ यांचा.

तरी नुसत्या उच्चारावर पैज लावू नये. सूझन ट्विस्ट या अभिनेत्रीचे चेहरे टिपून ठेवा: १६६६ मधली न्यूटनकडची बाई, ‘बूम’मधल्या रुग्णवाहिकेच्या पडद्यावरचा चेहरा, ‘७३ यार्ड्स’मधली डोंगर चढणारी, ‘डॉट अँड बबल’मधली आई, ‘रोग’मधलं तैलचित्र. सगळे आपण ‘हीच बाई परत का?’ एवढंच विचारत बसलो. विचारायला हवं होतं की या सगळ्या जागी आणखी काय समान आहे. टार्डिस! सुतेख तिलाच चिकटून फिरत होता आणि ती उतरेल तिथे एक सूझन उगवत होती.

न्हाणीघर
श्रेयनामावलीवर भरवसा ठेवू नका, एवढं मी सांगेन. जुन्या काळी मास्टर येणार हे छापील कार्यक्रमपत्रिकेतून फुटू नये म्हणून नटाचं नावच बदलायचे. १९८२ च्या ‘कॅस्ट्रोव्हाल्वा’त ‘नील टॉयने’ म्हणजे टोनी एनली, अक्षरं फिरवून. १९८३ च्या ‘द किंग्ज डेमन्स’मध्ये ‘जेम्स स्टोकर’, म्हणजे ‘मास्टर्स जोक’. चक्क तोंडावर थट्टा.

राणीचं प्रकरण म्हणजे लांडगा आला रे आला. कोणतीही गूढ बाई दिसली की राणी, आणि १७ मे २०२५ ला लांडगा खरंच आला. फ्लड म्हणजे पूर, पूर येतो पावसाने, आणि ‘रेन’ची (पाऊस) इंग्रजी अक्षरं फिरवली की ‘राणी’, हा तर्क योगायोगानेही जुळला असता. वजन आहे ते १९८५ च्या ‘द मार्क ऑफ द राणी’ला. तिथे ती म्हातारीच्या वेषात खाणकामगारांचं न्हाणीघर चालवते. आत आलेल्यांना वायूने बेशुद्ध करते आणि मेंदूतलं झोप आणणारं द्रव्य काढून घेते. मग ते झोपेविना पिसाटतात. निरुपद्रवी म्हातारी होऊन शेजारी येऊन बसायची सवय जुनीच आहे तिची.

निळीपेटी
हे भारी. मग नोंदी ठेवायच्या कशा? वहीत काय काय लिहू?

चार_ठोके
पाच रकाने पुरतात: भाग, प्रसारणाची तारीख, कितवं मिनिट, काय दिसलं किंवा ऐकू आलं, आणि टार्डिस तिथे होती का. तर्क वेगळ्या पानावर, नोंदीत मिसळू नका, नाहीतर पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसायला लागतं. प्रत्येक तर्काखाली लिहा की अमुक दिसलं तर हा खोटा. असं एकही वाक्य सुचत नसेल तर तो तर्क नाही, नुसती इच्छा आहे.

आणि ‘बॅड वुल्फ’चे दोन शब्द २००५ च्या मोसमात सगळीकडे दिसतील. त्यामागे खलनायक शोधू नका, ती डॉक्टरची सोबतीण रोझच आहे.

न्हाणीघर
‘मार्क ऑफ द राणी’ २०२५ च्या मोसमाआधी बघा. १९८७ चा ‘टाइम अँड द राणी’ राहिला तरी काही बिघडत नाही.