दोन सामने उरलेत, आम्ही नऊ जणी आहोत. ताईंना सहांत घ्यावं का?

कर्णधार, दुसरं वर्ष

मी अध्यापक महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची कर्णधार आहे. आम्ही एकूण नऊ जणी. त्यातल्या चौघींची आंतरवासिता सुरू आहे, त्या शाळेतून येईपर्यंत उजेड जायला लागलेला असतो. अख्खा संघ एकत्र असा आठवड्यातून दोनदाच मैदानावर दिसतो. एरवी मी आणि दोघीतिघी, तेही कुणाचं पाठ टाचण राहिलं नसेल तर. सहापैकी चार सामने झाले. दोन जिंकलो, दोन हरलो. उरलेले दोन्ही जिंकले तर उपांत्य फेरी.

प्रश्न एका खेळाडूचा आहे. त्या आमच्यात सगळ्यात मोठ्या, चौतिशीच्या, म्हणून सगळ्या त्यांना ताई म्हणतो. याआधी कुठलाच सांघिक खेळ खेळलेल्या नाहीत. सरावाला सगळ्यांत आधी येतात, मी पोहोचते तेव्हा नेट बांधून झालेली असते. खालून येणारा चेंडू चांगला उचलतात. पण सर्व्हिस! दहापैकी सहा नेटमध्ये, आणि कुणी बघत असलं की आठ. चार सामन्यांत मी त्यांना एकदाच उतरवलं, तेही आम्ही १८-८ असे मागे असताना. त्या वेळी त्यांची सर्व्हिस आलीच नाही.

परवा त्या स्वतःच म्हणाल्या, "मला बसू दे गं, तुम्ही जिंका." मी हो म्हटलं आणि तेव्हापासून मला स्वस्थता नाही. कारण गेल्या महिन्यात मी त्यांच्या सराव पाठाला निरीक्षक म्हणून मागच्या बाकावर बसले होते. वर्गात एकदाही तोंड न उघडलेल्या मुलाला त्यांनी फळ्याशी बोलावलं. त्याच्या हातून चुकलं. त्या काही न बोलता थांबल्या, त्यानं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. निरीक्षण वहीत मी या प्रसंगावर अर्धं पान लिहिलं आहे, आणि मैदानावर त्यांच्याशी नेमकं उलटं वागते आहे.

ज्यांनी असा छोटा संघ चालवला आहे त्यांनी सांगा, तुम्ही काय केलं असतं? "खेळभावना महत्त्वाची" एवढंच सांगू नका. बाकीच्या सात जणींनाही जिंकायचं आहे आणि त्याही तितक्याच घाम गाळतात.

जुना लिफ्टर

तुमच्या अडचणीवर नियमातच वाट आहे. ताईंना लिबेरो करा. लिबेरोला आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सर्व्हिस करताच येत नाही. ब्लॉक करायचा नाही, नेटच्या वरच्या कडेपेक्षा उंच असलेला चेंडू पलीकडे मारायचा नाही, मागच्या रांगेत राहून चेंडू उचलायचा. त्यांना जे जमतं तेच. सेटमध्ये खेळाडू बदलायच्या सहा संधी असतात, त्यांत लिबेरोची अदलाबदल मोजली जात नाही, फक्त दोन अदलाबदलींच्या मध्ये एक रॅली (सर्व्हिसपासून गुण मिळेपर्यंतचा खेळ) पूर्ण व्हावी लागते. टी-शर्ट वेगळ्या रंगाचा हवा. काही स्पर्धांत लिबेरोला सर्व्हिसची मुभा असते, तेव्हा आपलं नियमपत्रक आधी वाचा.

मी कॉलेजात असताना एका मित्राला पूर्ण हंगाम बाकावर बसवलं होतं. शेवटच्या सामन्यानंतर तो सगळ्यांच्या बाटल्या भरून घेऊन आला. आजही भेटतो, छान बोलतो, पण व्हॉलीबॉलचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

रेषेजवळची पंच

लिबेरोची युक्ती चांगली आहे, पण मला पटत नाही. ताईंना भीती सर्व्हिसची आहे आणि तुम्ही नेमकी सर्व्हिसच काढून घेताय. व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येकीला फिरत फिरत एक नंबरवर (मागच्या रांगेत उजवीकडे, सर्व्हिसच्या जागी) यावंच लागतं, याच गोष्टीसाठी मला हा खेळ आवडतो. पंच म्हणून मी कितीतरी नवख्या मुली पाहिल्या आहेत, बहुतेकींची चूक एकच असते: घाई. शिट्टी झाल्यावर आठ सेकंद मिळतात, आणि या दुसऱ्याच सेकंदाला मारून मोकळ्या होतात.

खालच्या हातानं सर्व्हिस केली तरी चालते, त्यात कमीपणा काही नाही. चेंडू डाव्या हातात कमरेच्या उंचीवर धरायचा, वितभरच वर सोडायचा (हातातून सुटायला मात्र हवा, धरलेला चेंडू मारला तर फॉल्ट), तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं मारायचा आणि मारताना वजन डाव्या पायावर पुढे न्यायचं. नेटमध्ये जाणाऱ्या सर्व्हिसमध्ये वजन बहुधा मागच्या पायावरच राहिलेलं दिसतं. सरावात शेवटच्या रेषेवरून सुरुवात करू नका. नेटपासून साडेचार मीटरवर उभं करा. दहापैकी आठ पलीकडे गेल्या की एक पाऊल मागे. नऊ मीटरपर्यंत पोहोचायला आठवडा लागो की दोन. याला तिघीही पुरतात, तेव्हा आंतरवासितेची अडचण इथे येत नाही.

आणि सामन्यात त्यांची पाळी उशिरा यावी असं वाटत असेल तर तेही तुमच्या हातात आहे. सेटची पहिली सर्व्हिस तुमची असेल तर ताईंना सहा नंबरवर (मागच्या रांगेत मधे) उभं करा, समोरच्यांची असेल तर एकवर. दोन्ही वेळा त्यांची सर्व्हिस सगळ्यांत शेवटी येते. तोवर चार-पाच चेंडूंना हात लागलेला असतो, पाय थरथरायचे थांबलेले असतात.

मैदानावर बावीस वर्षं

मी भावी शिक्षकांना शारीरिक शिक्षण शिकवतो, म्हणून थोडं लांबून बोलतो.

बास्केटबॉलचा जन्म तुमच्यासारख्यांच्याच वर्गात झाला. डिसेंबर १८९१, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची वायएमसीए प्रशिक्षण शाळा. जेम्स नायस्मिथ या तरुण शिक्षकाच्या हाती १८ जणांचा वर्ग आला. पुढे दुसऱ्यांना शिकवणारी, संस्था चालवणारी ही माणसं, आणि हिवाळ्यातल्या कवायतीला पुरती कंटाळलेली. त्यानं पीचच्या दोन टोपल्या टांगल्या, १३ नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. अठराच्या अठरा खेळले, बाकावर कुणी उरलं नाही.

याच शाळेत शिकलेल्या विल्यम मॉर्गननं १८९५ मध्ये व्हॉलीबॉल काढला, तो बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या वयस्क मंडळींसाठी. तेव्हा एका बाजूला किती माणसं असावीत यालाही मर्यादा नव्हती. तुमच्या ताईंना हे जरूर सांगा. हा खेळ मुळात विशीतल्या मुलींसाठी निघालेलाच नाही.

दुसरी गोष्ट. डॅरिल सीडेनटॉप यांनी शाळेतल्या खेळाच्या तासांसाठी 'स्पोर्ट एज्युकेशन' ही पद्धत मांडली. त्यात खेळ सुट्या तासांत न शिकवता पूर्ण हंगाम म्हणून चालवतात. संघ हंगामभर तोच राहतो आणि प्रत्येक जण खेळाडू असतोच, शिवाय आळीपाळीनं पंच, गुणलेखक, प्रशिक्षकही होतो. तुमच्याकडे नऊ जणी आहेत, म्हणजे प्रत्येक सेटला तिघी बाहेर. त्या तिघींना नुसतं बसवू नका. एकीनं सर्व्हिस कुठे पडते ते टिपावं, दुसरीनं समोरच्यांचं रोटेशन (जागांचा फिरता क्रम), तिसरीनं आपल्या चुका. उद्या शाळेत चाळीस मुलं आणि एकच चेंडू असेल तेव्हा याच सवयीवर तास निभावेल.

एका मुद्द्यावर मात्र मी पंचबाईंच्या बाजूनं नाही. प्रत्येकीची पाळी आलीच पाहिजे हा नियम शाळेच्या तासाला योग्य आहे. सामन्यात कर्णधारानं संघाला आधी विचारावं. आठही जणींसमोर प्रश्न ठेवा आणि ताईंना त्या बैठकीतून वगळू नका.

कर्णधार, दुसरं वर्ष

सगळ्यांचे मनापासून आभार. लिबेरोची कल्पना मी ताईंना सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सर्व्हिस करावी लागणार नाही?" त्यांचा चेहरा इतका सुटला की मी तिथेच थांबणार होते. पण रात्री पंचबाईंचं उत्तर पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बसलो. पहिल्या वर्षाची एक जण स्पष्ट म्हणाली की तिला उपांत्य फेरी हवी आहे. मला तिचं बोलणं आवडलं, सगळ्यांच्या मनातलंच होतं. शेवटी ठरलं असं: ताई प्रत्येक सामन्यात एक सेट सुरुवातीपासून खेळतील, कुठला ते आधी ठरलेलं असेल, आणि मागे पडलो म्हणून त्यांना काढायचं नाही. नऊ दिवस साडेचार मीटरपासून सराव केला. नऊ मीटरवर पोहोचलो नाही, साडेसातपर्यंत आलो.

काल सामना झाला. पहिला सेट आम्ही २५-१९ जिंकलो. तो समोरच्यांच्या सर्व्हिसनं सुरू झाला होता, म्हणजे दुसरा आमच्या. ताई सहा नंबरवर. पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी आठातले सहा सेकंद तरी घेतले असतील, बाहेर गुण लिहिणारी मुलगी मोठ्यानं मोजत होती. चेंडू पलीकडे गेला, मागच्या कोपऱ्यात, आणि समोरच्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सेट २२-२५ गेला. तिसरा आम्ही १५-११ काढला, त्यात ताई बाहेर होत्या आणि माझ्या चुकांची यादी करत होत्या. सात चुका निघाल्या. त्यातल्या चार मला माहीतच नव्हत्या.

नेट सोडताना त्यांनी विचारलं, "गुरुवारी माझा सेट पहिलाच ठेवशील का?"