धागा: लिलावात बोली लावून आपलाच वारसा विकत घ्यायचा का?

मुळा_मुठा:
राज्य सरकारने २०२५ला लंडनच्या सदबीजच्या लिलावातून नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार घेतली, सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार. सगळे खुश. मला नाही पटलं. वस्तू आपली आणि पैसेही आपणच मोजायचे? उद्या तिकडचा जो तो पणजोबांची ट्रंक उघडून बसेल, सरकारसारखं गिऱ्हाईक कुठे मिळतंय.

सीताबर्डीकर:
काय बोलून राहिला भाऊ तू. पात्याच्या पाठीवर 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा' असं सोन्याने लिहिलंय, ती काय कोण्या शेठच्या दिवाणखान्यात जाऊ द्यायची? १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या लुटीत गेली असं आपण म्हणतो, पण कोर्टात दाखवशील काय? ते म्हणतील भेट मिळाली होती. आणि चोरीचा वारसा परत करायचा युनेस्कोचा करार १९७०चा, त्याच्या आधीच्या लुटीला तो लागूच होत नाही. ४७ लाखात आजकाल धड फ्लॅट येत नाही.

मुळा_मुठा:
मग पिपरहवाचं काय? १८९८ला स्तूपात बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेली रत्नं, ती खणून काढणाऱ्या इंग्रजाच्या पेपे कुटुंबाने हाँगकाँगला लिलावात काढली, केंद्राने नोटीस धाडली, लिलाव थांबला. बोली लावावी लागली का?

सीताबर्डीकर:
आणि मग आली कशी? गोदरेजने पैसे मोजले तेव्हा. अर्धीच गोष्ट सांगून राहिला.

तंजावरी:
तुम्ही दोघं जुन्या लुटीवर भांडताय, चालू धंदा वेगळाच आहे हो. आमच्या तंजावरजवळ, अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदन म्हणून गाव आहे, तिथल्या बंद पडलेल्या देवळातून २००६च्या सुमारास नटराज गेला, गावाला पत्ताच नाही. न्यूयॉर्कचा मूर्तींचा व्यापारी सुभाष कपूर, त्याने तो २००८ला ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीला ५० लाख डॉलरला विकला, सोबत कागद काय तर म्हणे १९७०ला दिल्लीत सुदानच्या एका अधिकाऱ्याने खरेदी केलेली मूर्ती! जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला रोखणारा १९७२चा कायदा यायच्या आधीच माल देशाबाहेर गेला असं दाखवायचं, बस. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटकडे देवळातलाच जुना फोटो निघाला म्हणून बिंग फुटलं, २०१४ला मूर्ती परत आली, एक पैसा न देता. कपूरला २०२२ला कुंभकोणमच्या कोर्टाने दहा वर्षं दिली.

मुळा_मुठा:
हेच म्हणतोय मी! पुरावा असला की फुकट येते.

सीताबर्डीकर:
असला की ना. आमच्या विदर्भात पिंपळाखाली, शेताच्या बांधावर मूर्त्या पडून आहेत, शेंदूर फासून फासून चेहरा दिसत नाही, त्यांचा फोटो कोणी काढला?

गप_बसा_की:
अन् फोटो काढून नेटवर टाकले तर चोरांना आयता कॅटलॉग. कुठे, काय, किती उंच, सगळं घरबसल्या.

तंजावरी:
नेटवर कोण टाकायला सांगतंय? चारी बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी, खरवड किंवा तुटलेलं बोट असेल तर ते जवळून, एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक पोलीस ठाण्यात. मोबाईल तर सगळ्यांकडे आहे.

गप_बसा_की:
ठाण्यात दिलेला कागद परत सापडला तर मला पण कळवा.